ढगात गेलेली पुली

आमच्या बाजूला कोणी 'अमका ढगात गेला' असे सांगितले, की ऐकणारा माणूस पुढचे काही विचारत नाही. पायात चपला सरकवतो आणि 'किती वाजता काढणार?' एवढेच म्हणतो. त्यामुळे मागल्या डिसेंबरात एका शुक्रवारी रात्री साडेनऊच्या सुमारास आमचा भाचा दारात येऊन उभा राहिला आणि 'मामाजी, पुली ढगात अडकली' असे म्हणाला, तेव्हा पुली हे त्याच्या सासरकडच्या कोणा म्हातारीचे लाडके नाव असावे अशी समजूत करून घेऊन आमच्या सौ.नी आधी गॅस बंद केला. खुलासा व्हायला दहा मिनिटे लागली. पुली बिडाची होती. ढग कशाचा होता ते मला त्या रात्री कळले नाही, आणि पुढे जे कळले त्याने माझे डोके फिरले. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम माझी लायकी सांगून टाकतो. मी बी. कॉम. आहे, तोही दुसऱ्या वर्गात. चंद्रपुरात एका बँकेत गेली बावीस वर्षे कारकून आहे. यंत्राशी माझा संबंध नोटा मोजायच्या यंत्रापुरता, आणि तेही अडले की मी शिपायाला हाक मारतो. तेव्हा 'तुला यातले काय कळते?' असे कोणी विचारले तर यंत्रातले काही कळत नाही, हे मी आधीच लिहून देतो. पण खरेदी कशाला म्हणतात, भाडे कशाला म्हणतात आणि ठेव कशाला म्हणतात, एवढे मला कळते. त्या तीन शब्दांवरच बँक मला पगार देते.

आता भाच्याविषयी. मुलगा मेकॅनिकल डिप्लोमा झालेला. एमआयडीसीत एक पत्र्याची शेड, तिच्यात एक लेथ, एक ड्रिलिंग मशीन, एक जुने मिलिंग मशीन आणि एक त्याहून जुने मिस्त्री. धंदा सुट्या भागांचा. मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरीपासून तो थेट वडशापर्यंत सगळा धानाचा मुलूख. जिकडे धान तिकडे राईस मिल, आणि जिकडे मिल तिकडे काहीतरी मोडलेले. कितीतरी मिला इतक्या जुन्या, की त्यांची यंत्रे बनवणारे कारखाने कधीच बंद पडले. त्या यंत्रांचा शाफ्ट गेला, पुली फुटली, एलिव्हेटरच्या बकेटा वाकल्या, की दुकानात भाग मिळत नाही. करूनच घ्यावा लागतो. भाचा तो करून देतो.

हा भाचा मुद्रा कर्जासाठी आमच्याच शाखेत आला होता. मी नातेवाईक म्हणून कागदाला हात लावला नाही, पण कान लावले. त्याच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये लेथ, मिलिंग, वीजजोडणी असे सगळे रीतसर लिहून झाल्यावर खाली एक ओळ होती : 'कॅड सॉफ्टवेअर, क्लाउडवरील, वार्षिक वर्गणी.' आमचे साहेब त्या ओळीवर पेन्सिल ठेवून थांबले. मुद्रा कर्जाला बाहेरचे तारण मागायचे नसते. पण कर्जातून जी वस्तू येते ती बँकेकडे नजरगहाण राहते. साहेब म्हणाले, 'हप्ते थकले तर लेथ उचलून आणू. हे कुठून उचलायचे?'

भाचा म्हणाला, 'सर, ते उचलता येत नाही. ते ढगात असते.'

साहेबांनी ती ओळ खोडली आणि 'हा खर्च खेळत्या भांडवलातून कर' असे सांगितले. त्या वेळी मला साहेब जुनाट वाटले. आज मी जाहीरपणे सांगतो, की चंद्रपूर जिल्ह्यात या विषयावरची सर्वांत शहाणी टीका त्या पेन्सिलीने केलेली आहे.

कॅड म्हणजे काय, हे मला भाच्याने समजावले ते असे. पूर्वी ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर आणि टोकदार पेन्सिल घेऊन भागाचे चित्र काढीत. 1963 साली अमेरिकेतल्या एमआयटीत आयव्हन सदरलँड नावाच्या विद्यार्थ्याने 'स्केचपॅड' हा कार्यक्रम लिहिला आणि प्रकाशाच्या लेखणीने पडद्यावर रेघ काढून दाखवली. 1982 साली ऑटोकॅड आले आणि ही विद्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर उतरली. 1995 साली सॉलिडवर्क्स आले. त्यात रेघांच्या जागी सबंध भागच घडवता येऊ लागला, तोही मापांच्या दोऱ्यांनी बांधलेला. म्हणजे असे, की पुलीचे भोक 40 मिलिमीटरचे असेल तर चावीची खाच 12 ची लागते. भोक 45 केले की खाच 14 ची लागते. एकदा हे नाते सांगून ठेवले, की 40 खोडून 45 लिहायचे, खाच आपोआप रुंदावते. मी बँकेत व्याजाचा दर बदलला तरी हप्ता आपोआप बदलतो, तसेच. फरक इतकाच, की पुली ऐकते, कर्जदार ऐकत नाही.

आणि ढग? सॉलिडवर्क्स काढणाऱ्यांपैकीच जॉन हर्शटिक यांनी 2012 साली दुसरी कंपनी काढली. तिचे सॉफ्टवेअर, ऑनशेप, कॉम्प्युटरवर बसवावेच लागत नाही. ब्राउझर उघडायचा आणि काम करायचे. 2019 साली पीटीसी या कंपनीने तिला 47 कोटी डॉलरला विकत घेतले. ऑटोडेस्कचे फ्यूजन हेही याच वळणाचे, अर्धे आपल्या मशीनवर आणि अर्धे वर. पीटीसी आणि ऑटोडेस्क या दोघांचीही कार्यालये पुण्यात आहेत. तेव्हा ढगातल्या नियमांना जो एक विशिष्ट ताठा आहे तो कुठून आला असावा, याबद्दल माझा एक अंदाज आहे, पण पुण्यातही वाचक असतात.

या ढगाचे गुण मी नाकारत नाही. भाच्याचा आधीचा कॉम्प्युटर एका मे महिन्यात गेला. आमच्याकडे मे महिन्यात पारा 46-47 ला टेकतो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून वर, त्यात विजेचा झटका. हार्ड डिस्क गेली आणि दोन वर्षांची ड्रॉइंगं तिच्याबरोबर सती गेली. ढगातले काम असे जात नाही. भारी कॉम्प्युटर लागत नाही. भाचा चंद्रपुरात आणि नागपूरचा गिऱ्हाईक नागपुरात बसून एकाच ड्रॉइंगवर बोट ठेवू शकतात. काल काय होते, परवा काय होते, सगळे मागे जाऊन पाहता येते. हे सगळे खरे आहे, आणि फार चांगले आहे. सावकाराचे पैसेसुद्धा वेळेवर मिळतात आणि फार चांगले असतात.

आता त्या शुक्रवारची गोष्ट. ती कुठल्या कंपनीची, हे सांगत नाही. नाव सांगितले तर बाकीच्या फुकट सोवळ्या ठरतील.

भाचा त्या आठवड्यात आलापल्लीच्या पुढे, एटापल्ली तालुक्यात, एका गिरणीचे काम बसवायला गेला होता. नेमकी त्याच दिवशी वर्गणीची वार्षिक तारीख. कार्डावरून आपोआप जाणाऱ्या पैशांवर रिझर्व्ह बँकेने 2021 सालापासून लगाम लावला आहे. 15,000 रुपयांच्या वरची रक्कम असली तर दर वेळी ओटीपी लागतो. नियम उत्तम आहे, लोकांचे पैसे नकळत जाऊ नयेत म्हणून आहे. पण ओटीपी यायला फोनला रेंज लागते, आणि भाचा जिथे होता तिथे सागाची झाडे आणि सुतार पक्षी यांखेरीज कोणाचेही सिग्नल येत नव्हते. पैसे गेले नाहीत. संध्याकाळी तो चंद्रपुरात आला तो मूलच्या एका मिलवाल्याचे सात फोन घेऊनच. मिलच्या एलिव्हेटरची पुली फुटली होती. हंगाम धानाचा, दारात गाड्यांची रांग, आणि मिल बंद.

भाच्याने कॉम्प्युटर उघडला. ड्रॉइंगांची यादी दिसली. 'एलिव्हेटर पुली' या नावावर बोट ठेवले तर चौकट आली, की आपली मुदत संपली आहे, कृपया नूतनीकरण करा. त्याने नूतनीकरण करायला घेतले. घाईत ओटीपी दोनदा चुकला, तिसऱ्यांदा उशिरा आला, आणि मग आमच्या बँकेने त्याच्या सुरक्षिततेसाठी त्याचे कार्ड बंद केले. म्हणून तो माझ्याकडे आला होता, माझे कार्ड मागायला. माझे कार्ड परदेशी व्यवहाराला बंद. ॲपवरून सुरू करायला गेलो तर 'सेवा तात्पुरती उपलब्ध नाही.' शाखेतून सुरू करायचा अर्ज असतो. तो माझ्याच टेबलावर येतो. आणि दुसरा दिवस चौथा शनिवार, त्याच्यापुढे रविवार. बावीस वर्षे मी लोकांना ज्या सहजपणे 'सोमवारी या' असे सांगत आलो, त्या दोन शब्दांचे वजन मला त्या रात्री प्रथम कळले.

कोणी म्हणेल, फुटलेल्या पुलीचेच माप का घेतले नाही? मीही तेच म्हणालो. भाच्याने माझ्याकडे जरा दयेने पाहिले. पंधरा वर्षे पट्टा घासून घासून खाचा रुंद झालेल्या असतात. झिजलेल्या पुलीचे माप घेतले तर नवी पुली झिजलेलीच तयार होते.

शनिवारी सकाळी आम्ही शेडवर गेलो. मिस्त्री लेथ पुसत बसले होते. सगळे ऐकून घेतले, उठले, पेटीच्या तळातून एक गुंडाळी काढली आणि लेथच्या पाट्यावर उलगडली. ते कॅलेंडर होते. आमच्याच बँकेचे, 1996 सालचे. समोर लक्ष्मी, आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने काढलेली पुली : बाहेरचा व्यास, खाचेची खोली, खाचेचा कोन, भोक 40.

'थे पुली मीच केली होती,' मिस्त्री म्हणाले. 'शाफ्ट मंग बदलला त्याईनं. आता पंचेचाळीस हाय.' त्यांनी 40 खोडून 45 लिहिले आणि खाचेचे 12 खोडून 14 केले. मला वाटते, मापाच्या दोऱ्यांची कल्पना अमेरिकेत निघण्याच्या आधीपासून ती मिस्त्र्यांच्या डोक्यात असावी. मग माझ्याकडे पाहून ते म्हणाले, 'साहेब, कागदाले ओटीपी नाई लागत.'

कोपऱ्यात कास्टिंगचा एक कच्चा तुकडा पडलेला होता. रात्री नऊपर्यंत त्याची पुली झाली. रविवारी सकाळी ती मूलला बसली आणि मिल सुरू झाली. सोमवारी साडेअकराला मी स्वतः उठून भाच्याचे कार्ड सुरू केले, अकरा चाळीसला ढग उघडला, आणि त्यात एलिव्हेटर पुली जशीच्या तशी, सुरक्षित, अगदी व्यवस्थित होती. तिला काही झालेले नव्हते. तिच्या मालकाला फक्त आत सोडले नव्हते.

इथपर्यंत गंमत झाली. आता भांडण.

भाच्याला मी म्हणालो, ही चोरी आहे. तो म्हणाला, 'मामाजी, तुम्ही उगाच तापून राहिले. तुमच्या बँकेत लोक पैसे ठेवतात ते कुठे असतात? तुमच्या कॉम्प्युटरमध्येच ना? तुमची लिंक गेली की आम्हीही दारात उभे राहतो. मग माझी ड्रॉइंगं कोणी सांभाळली तर काय बिघडले?' क्षणभर मी गप्प झालो, कारण आमची लिंक खरोखरच जाते. पण कॉमर्सचा माणूस फार वेळ गप्प राहत नाही.

बँकेत ठेव ठेवली तर बँक ठेवीदाराला व्याज देते. इथे ठेवणाराच दरसाल पैसे मोजतो. बँक बुडाली तर 2020 सालापासून पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. आणि सर्वांत मोठी गोष्ट, खाते विसरले, दहा वर्षे तिकडे फिरकले नाही, तरी पैसे आमचे होत नाहीत. 2014 सालापासून ते रिझर्व्ह बँकेच्या एका वेगळ्या निधीत जातात, आणि अकराव्या वर्षी ठेवीदार किंवा त्याचा नातू कागद घेऊन आला तर ते त्याला द्यावे लागतात. आम्ही त्याला चार वेळा फेऱ्या मारायला लावू, सही जुळत नाही म्हणू, पण देऊ. बँकेवर मी कितीही विनोद केले तरी ठेवीदाराचा पैसा ठेवीदाराचा, हे आम्हांला नाकारता येत नाही. ड्रॉइंगच्या बाबतीत हा धाक कुठे आहे? वर्गणी थांबली की किती दिवस ठेवायचे, कसे परत द्यायचे, हे ठरवतो कोण? ढगवाला. आणि ते तो कुठे लिहून ठेवतो? ज्या लांबलचक अटींच्या खाली 'मान्य आहे' असे बटण असते, त्यांत.

बरे, हे भाडे म्हणावे तर तेही सरळ नाही. शेडचे भाडे थकले तर घरमालक फार तर सामान रस्त्यावर टाकील. पण लेथ भाच्याचाच राहतो. बी. कॉम.ला आम्हांला भाडे-खरेदी शिकवली होती. शिवणयंत्र घ्यायचे, हप्ते भरायचे, आणि शेवटचा हप्ता भरला की शिवणयंत्र आपले. त्या सगळ्या गणिताचा आत्मा म्हणजे 'शेवटचा हप्ता' हे दोन शब्द. वर्गणीत शेवटचा हप्ता नावाची चीजच नाही. ऑटोडेस्कने एकदाच पैसे देऊन कायमचे घ्यायचे परवाने 2016 साली विकायचे थांबवले, तेव्हापासून त्यांच्या नव्या गिऱ्हाइकाला वर्गणीच. विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरवर घसारा तरी धरता येत होता. घसारा ही गरिबाची श्रीमंती आहे. आपल्यापाशी काहीतरी होते आणि ते झिजले, याचा तो सरकारमान्य पुरावा असतो. भाड्याला घसारा नाही. ते नुसतेच जाते.

भाचा म्हणाला, 'पण फाइल बाहेर काढता येते, मामाजी.' येते. त्यासाठी 'स्टेप' नावाचा एक प्रकार आहे, 1994 सालापासूनचे आंतरराष्ट्रीय प्रमाण, आयएसओ 10303. तो कोणत्याही कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतो. फार पुण्याचे काम केले आहे ज्यांनी ते केले. पण त्यात आकार जातो, कृती जात नाही. म्हणजे कोणी आपल्याला सांबारवडी दिली, पण कशात काय घातले ते सांगितले नाही, तसे. (पश्चिमेकडच्या वाचकांसाठी : सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. इडली काढून ठेवा.) ती वडी खाता येते, कापता येते, पण तिखट कमी करायचे म्हटले तर नव्याने मळायला बसावे लागते. तिकडे 40 चे 45 करून दिल्याबरोबर खाच रुंदावणारी ती मापांची दोरी ढगातच राहते.

आणि ही वडीसुद्धा देणाऱ्याच्या मर्जीवर. 2020 च्या सप्टेंबरात ऑटोडेस्कने फ्यूजनच्या फुकट, वैयक्तिक परवान्याचे नियम बदलले. एका वेळी दहाच ड्रॉइंगांत बदल करता येतील आणि स्टेप फाइल बाहेर काढता येणार नाही, असे जाहीर झाले. जगभर ओरड झाली, तेव्हा स्टेपपुरते त्यांनी मागे घेतले. दहाचा नियम राहिला. फुकटचे होते, त्यांनी हवे ते करावे, हे मला मान्य आहे. मला भीती वाटली ती वेगळ्या गोष्टीची : आपण घडवलेली वस्तू आपल्या हाती द्यायची की नाही, ही गोष्ट एका पत्रकाने ठरते आणि दुसऱ्या पत्रकाने बदलते.

हे वाचून पुण्या-मुंबईचा माणूस म्हणेल, चालायचेच. पण गडचिरोली-चंद्रपूरच्या माणसाला ही गोष्ट ओळखीची वाटली पाहिजे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 साली सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू गावाचा झाला. पण तो विकून गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागतो, ज्याला आमच्याकडे शेंबडे पोरही 'टीपी' म्हणते. आणि टीपीचे पुस्तक वनखात्याच्या टेबलात. म्हणजे बांबू तुमचा, पण तो नेता येणार नाही. गावाने भांडण सोडले नाही. शेवटी 2011 च्या एप्रिलमध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि टीपीचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. मेंढ्याच्या लोकांना कोणत्याही वाणिज्य महाविद्यालयात न जाता जे समजले, ते आम्हां शिकलेल्यांना समजत नाही : माल कोणाचा हे सातबाऱ्यावरून ठरत नाही, टीपीचे पुस्तक कोणाच्या टेबलात आहे त्यावरून ठरते. ढगातल्या ड्रॉइंगाची टीपी आजही ढगवाल्याच्या टेबलात आहे.

फुकट परवान्याची दुसरी एक तऱ्हा आहे. ऑनशेपच्या फुकट खात्यात काम करावे तर ते सगळ्या जगाला दिसते. झाकायचे असेल तर पैसे द्या. वाटून घेण्याला माझा विरोध नाही. आमच्याच नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या थोड्याशा शेतात निरखून निरखून एचएमटी धान निवडला, आणि तेव्हाच्या लाडक्या घड्याळाचे नाव मिळालेला तो वाण शेतकऱ्यांच्या हातोहात राज्याबाहेर गेला. 2005 साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 2018 साली ते गेले, पैसा मात्र त्यांच्या वाट्याला फारसा आला नाही. पण त्यांनी दिले ते मनाने दिले, आणि घेणाऱ्याच्या कणगीत बियाणे राहिले. दर पावसाळ्यात ते पेरायला लॉगिन लागत नाही. ऐपत नाही म्हणून उघडे राहणे आणि मन मोठे म्हणून उघडे ठेवणे, यांत फरक आहे.

आता कोणी मला कागदवाला म्हणून मोडीत काढू नये. मिस्त्र्यांच्या त्या पेटीतली निम्मी कॅलेंडरे वाळवीने खाल्ली आहेत. 1996 सापडले, 1998 मध्ये फक्त मार्च आणि अर्धा एप्रिल उरला आहे. शिवाय ढग म्हणजे कोणी आकाशातला राक्षस नव्हे. ती कुठेतरी भिंतीबिंती असलेली थंडगार इमारत असते, तिला भरपूर वीज लागते. मुंबई-नवी मुंबईकडे अशा इमारती पुष्कळ आहेत, आणि आमचे 2920 मेगावॉटचे वीजकेंद्र ज्या जाळ्यात वीज सोडते त्याच जाळ्यावर त्याही आहेत. म्हणजे ढग तिकडे, धूर इकडे. कोळसा आमचा, काजळी आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर, आणि आमच्याच पुलीला आम्हांलाच आत येऊ देत नाहीत. आणि जुलै-ऑगस्टात पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा रस्ता तुटतो, तारा पडतात, टॉवर झोपतात, तेव्हा तर सगळाच प्रश्न मिटतो. खरा ढग आला की खोटा ढग जातो.

म्हणून माझे मागणे तीनच ओळींचे आहे. पहिली : वर्गणी थांबली तरी माणसाला आपले काम पाहता आणि बाहेर नेता आले पाहिजे, नवे काम अडवा, जुने अडवू नका. दुसरी : नियम बदलायचा तर महिनाभर नव्हे, एक हंगामभर आधी सांगा, धानाचा हंगाम किती असतो ते मिलवाल्याला विचारा. तिसरी ढगवाल्याला नाही, भाच्याला आणि त्याच्यासारख्या हजारो पोरांना : गड्यांनो, ढग वापरा, पण बियाणे घरात ठेवा. दर शनिवारी स्टेप फाइल काढा, मापांसकट कागदावर छापा. शिकायचेच तर फ्रीकॅडही शिका. ते 2002 सालापासून फुकट आणि खुले आहे, 2024 च्या नोव्हेंबरात त्याची 1.0 आवृत्ती निघाली, आणि ते आपल्याच मशीनवर बसते. भाचा म्हणतो ते जरा हट्टी आहे. असू दे. घरचे माणूस हट्टीच असते.

भाच्याने वाद मान्य केला नाही, पण सल्ला मानला. आता दर शनिवारी संध्याकाळी तो ड्रॉइंगं छापतो. पहिला गठ्ठा झाला तेव्हा शेडमध्ये वाळवी, घरी पोरे, ठेवायचा कुठे असा प्रश्न पडला. मी त्याला आमच्या शाखेत लॉकर घेऊन दिला. लॉकरचे भाडे दरसाल, आगाऊ. भाच्याने पावती हातात घेऊन माझ्याकडे बराच वेळ पाहिले. मी नोटा मोजायच्या यंत्रात डोके घातले.

मिस्त्री मात्र लॉकर मानत नाहीत. जानेवारी उजाडताच ते काउंटरवर येऊन उभे राहिले. 'साहेब, दोन कॅलेंडरं द्या जी. मागून कोरी पायजे.'

मी आतल्या खोलीत जाऊन विचारून आलो. यंदा बँकेने कॅलेंडर छापलेले नाही. ॲपवर टाकले आहे.